रेखाच्या गावातल्या विहिरी आणि माझा जळफळाट

रेखाचा फोटो आला तेव्हा मी ऑफिसात 'हवामान बदल आणि लोकसहभाग' नावाचं पोस्टर तपासत होते. माझं कामच ते. पुण्यात बसून गावांनी काय करावं हे मी गेली बरीच वर्षं लिहिते आहे. फोटोत शाळेची भिंत होती. तिच्यावर गावातल्या विहिरींची नावं आणि प्रत्येकीपुढे खडूने लिहिलेली पाण्याची पातळी. खाली मेसेज होता, "आमी आता पानी मोजून पेरा ठरवतो. येऊन पाहून घे."

अकोल्याला कॉलेजात असताना रेखा माझ्या वह्या उतरवून पास व्हायची. मी पहिली यायचे. फोटो पाहून मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मी रजा टाकली ती कौतुकासाठी नव्हे, तिथे काहीतरी खोट सापडेल या आशेने.

ज्यांना जायचं असेल त्यांनी पुण्याहून रेल्वेने अकोला गाठावं आणि तिथून पातूरमार्गे मालेगावची एसटी धरावी. हे वाशिम जिल्ह्यातलं मालेगाव, नाशिककडचं नव्हे. तिकीट काढताना सांगा. बायकांना अर्धं तिकीट आहे. दिवाळी होऊन गेली होती, सोयाबीन निघालेलं, मोकळ्या काळ्या रानांमधून तुरीच्या ओळी तेवढ्या उभ्या.

मालेगावच्या स्टँडजवळ एका जैन काकांचं बियाण्यांचं दुकान आहे. केनवडकडे जायला गाडी कधी, म्हणून मी विचारायला गेले. कोणाकडे चाललात, त्यांनी विचारलं. मी रेखाचं नाव सांगितलं.

"पान्यावाली रेखाताई? बसा, चहा घ्या. त्यांच्या गावानं मागच्या साली माह्याकडून गव्हाचं बियानं निम्मंच नेलं."

"मग तुमचं नुकसान झालं की."

"झालं ना. पन त्याईले सांगा, माह्या साडूच्या गावालेही एकदा येऊन जा. तिथं फेब्रुवारीतच विहिरी कोरड्या पडून राह्यल्या."

ज्याचं नुकसान झालं तोही तिला बोलावतो आहे. चहा मला गोड लागला नाही.

जीपने केनवडला उतरले. रेखा स्कूटी घेऊन उभी होती. जाड झाली होती, केस पांढरे झाले होते आणि रस्त्यावरचा प्रत्येक माणूस तिला थांबवत होता. तिचं गाव तिथून थोडं आत आहे. हॉटेल वगैरे काही नाही, कोणाच्या तरी घरीच राहावं लागतं. रेखाकडे ज्वारीची भाकर, बेसनाच्या पाटोड्यांची भाजी आणि मिरचीचा ठेचा होता. जेवण मात्र मी मन लावून जेवले.

दुपारी ती मला विहिरींवर घेऊन गेली. चार बायका, एक मोजपट्टी, पट्टीच्या टोकाला बांधलेलं वजन. वजन पाण्याला टेकलं की आकडा वाचायचा आणि वहीत लिहायचा. इतकंच. पाऊस आता चार दिवसांत कोसळतो आणि मग महिनाभर तोंड दाखवत नाही, त्यामुळे जमिनीत किती मुरलं हे कोणालाच कळत नाही, म्हणून हे सुरू केलं, असं रेखाने सांगितलं. पाणी कमी असेल त्या वर्षी सगळ्यांनी मिळून जास्त पाणी पिणारा गहू कमी आणि हरभरा जास्त पेरायचा. उद्या त्याचीच सभा होती. एका विहिरीत मला पट्टी सोडायला दिली. मागच्या वर्षी याच दिवसांत होतं त्यापेक्षा पाणी बरंच खाली होतं.

संध्याकाळी रेखा चुलीपाशी होती आणि मी ओट्यावर. शेजारचे देवराव काका येऊन बसले. त्यांची विहीर गावात सगळ्यात खोल. आणि त्यांना गहूच पेरायचा होता.

"मॅडम, तुमी पुन्याच्या. हे मोजनं खरं असते का वं?"

मला उत्तर माहीत होतं. पण आतून रेखाच्या हसण्याचा आवाज आला, तिच्याभोवती चार बायका बसल्या होत्या, आणि मी म्हणाले, "तसं खात्रीचं नसतं हो. जमिनीखालचं पाणी इतक्या सोप्या पद्धतीने कळत नाही."

वाक्य अगदीच खोटं नव्हतं. ते मी कशासाठी बोलले, हे मात्र मला त्याच क्षणी कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या व्हरांड्यात सभा भरली. रेखाने आकडे वाचले आणि यंदा गहू अगदी थोडा ठेवू म्हणाली. देवराव काका उठले. "ह्या मॅडम पुन्याच्या हायत, शिकेल हायत. त्याच मनतात हे मोजनं पक्कं नसते. मंग आमी गहू काहून सोडावा?"

मागे दोघंतिघं "खरं हाय" म्हणाले. सगळे माझ्याकडे बघायला लागले. रेखाने बघितलं नाही. ती भिंतीवरच्या आकड्यांकडे बघत राहिली.

काहीतरी गोलमोल बोलून मला निसटता आलं असतं, ते मला ऑफिसात रोज जमतं. पण तिची ती पाठ मला बघवेना. मी उभी राहिले.

"मी काल तसं बोलले. मी रेखाची मैत्रीण आहे आणि तिच्यावर जळते, म्हणून बोलले. मी पुण्यात नुसती पोस्टरं करते. अशी एकही विहीर कालच्या आधी मी मोजली नव्हती."

मग मोजणाऱ्या बायकांतल्या कमलाबाई म्हणाल्या, "जळली तं जळली. आता हे सांग, पानी हाय का नाही?"

"भिंतीवर लिहिलंय तेवढंच आहे. काल मी स्वतः पट्टी सोडली. गेल्या वर्षीपेक्षा कमी आहे."

लोक हसले. देवराव काका हसले नाहीत. बराच वेळ बोलाचाली झाली, दोघं उठून निघून गेले. शेवटी काका म्हणाले, घरी खायपुरता गहू पेरतो, बाकी हरभरा. बाकीच्यांनीही माना डोलावल्या.

केनवडपर्यंत सोडायला रेखाच आली. वाटेत मी माफी मागितली. तिने स्कूटी थांबवली नाही.

"रागावली हावो मी. चार दिवस रागातच राहीन. मंग फोन करीन."

मी पुण्याला परतले. आमच्या सोसायटीच्या बोअरला पाणी कमी आलंय आणि रोज टँकर येतो. आपण पाणी मोजून वापरू, त्यासाठी सभेला या, असं सांगत मी पहिल्यांदाच घरोघरी गेले. एकाने विचारलं, हे तुमच्या ऑफिसचं काम आहे का. एका दारात माझं वाक्य पूर्ण होण्याआधी दार लागलं. ज्या गावात खोट शोधायला गेले होते, तिथे अशी किती दारं रेखाने सोसली असतील, हे मला पायऱ्या उतरताना कळलं. पण कळल्याने जळणं कमी झालं, असं काही मी लिहिणार नाही.

रेखाचा फोन चार नाही, अकरा दिवसांनी आला. हरभरा उगवून आला होता. मी तिला आमच्या सभेचं सांगितलं, एवढ्या मोठ्या बिल्डिंगमधून फक्त चार माणसं आली.

"माह्या पयल्या सभेले तिघंच होते," ती म्हणाली, "आन त्यातला एक माहा नवरा."

चार. म्हणजे मी तिच्यापेक्षा एकाने पुढे होते. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं.