माझे चोवीस घोडे

सदरच्या सिग्नलवर रोज सकाळी ते काका माझ्या शेजारी येऊन थांबत. त्यांची जुनी, जड गाडी साडेतीनशे सीसीची होती आणि मागे दुपट्ट्यात गुरफटलेल्या काकू असत. नागपूरचं ऊन, म्हणून दुपट्टा असेल असं मला वाटे. हिरवा दिवा लागला की माझी दोनशे सीसीची गाडी किंचाळत त्यांच्या पुढे जाई. एकदा मी त्यांना ऐकवलंसुद्धा, "काका, एवढं मोठं इंजिन आणि ताकद वीसच घोड्यांची? माझ्यात चोवीस आहेत." ते हसले आणि नेहमीसारखा मागे हात नेऊन त्यांनी काकूंचा गुडघा चाचपला. त्यांच्या या सवयीची मला गंमत वाटायची.

काल त्यांनी मला हाक मारली. "बाबू, जरा मागची गाठ मारून दे ना. मी हँडल सोडलं तं गाडी कलंडते."

दुपट्टा उन्हासाठी नव्हता. त्या दुपट्ट्यानं काकूंना काकांच्या कमरेशी बांधलं होतं. गाठ मारताना काकूंचा डावा हात माझ्या मनगटावर पडला, आणि तसाच पडून राहिला.

"तुये घोडे रेस देल्यावरच जागे होतात गा," काका सहज म्हणाले. "माही गाडी नुसत्या क्लचवर हळूच निघते. हिले धक्का लागला तं तोल जाते."

सिग्नल सुटला आणि ते अलगद निघून गेले. माझ्या मागे हॉर्न वाजू लागले. रेस द्यायची मला इतकी लाज वाटली की मी ती न देताच क्लच सोडला, आणि माझे चोवीसच्या चोवीस घोडे जागच्या जागी बंद पडले.