पडलेली पट्टी

परवा एका साहेबांनी माझ्यासमोर लाकडी पट्टी उंच धरली आणि मला बारा वर्षांपूर्वीचा आमच्या गावातल्या देवळाचा मंडप आठवला. माणसाची चपळाई आणि बुद्धी पिढीगणिक वाढते की घटते, हे मोजायला तेव्हाही असेच एक साहेब आले होते, आणि मी नळदुर्गला कॉलेजात शिकत होतो म्हणून आकडे लिहायला मला बसवलं होतं. साहेब पट्टी सोडायचे, समोरच्यानं ती जमिनीवर पडायच्या आत दोन बोटांत पकडायची. माझे चुलते मेंढरं राखत. पळतं कोकरू मागच्या पायाला धरून थांबवणारा माणूस. अंगाला घोंगडीचा वास, कपाळाला भंडारा. साहेबांनी पट्टी सोडली. चुलत्यांनी ती पडू दिली, वाकून उचलली, धोतराला पुसली आणि दोन्ही हातांनी परत दिली. तीनदा असंच झालं. साहेब म्हणाले, "मंद. लिहा." चुलते का थांबतात ते मला कळत होतं, पण साहेबांपुढं त्यांच्या बाजूनं बोलायची लाज वाटली आणि मी लिहिलं. परतताना चुलते म्हणाले, "एवढ्या शिकल्या-सवरल्या माणसाच्या हातातनं हिसकून घ्यायचं व्हय? लई वंगाळ दिसलं असतं." आता चुलते नाहीत, म्हणून परवा त्यांच्या घरातला माणूस म्हणून मला बोलावलं होतं. पट्टी सुटली न सुटली तोच मी झडप घातली. साहेब खूश झाले आणि घराण्यात सुधारणा आहे, असं त्यांनी लिहून घेतलं.