नॉर्बर्टच्या हरणाचं माप

लायल टॉलफसनने स्वतः आयुष्यात फार हरणं मारली नाहीत. मोजून सहा, आणि त्यातलं एकही पुस्तकात जाण्याच्या लायकीचं नव्हतं. पण टॅमरॅक खोऱ्यातल्या धनुष्यबाणाच्या शिकाऱ्यांचं जे जाडजूड हिरवं नोंदीचं पुस्तक आहे, ते कुठेही उघडा, लायलचं नाव सापडतंच. वर शिकाऱ्याचं नाव ठळक अक्षरात, त्याखाली हरणाची मापं, आणि अगदी तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात: मापणारा, एल. टॉलफसन. एकतीस वर्षं हा माणूस असा तळाशी बसून राहिला आणि त्याला त्याचं काही वाटलं नाही.

पोटापाण्यासाठी तो चीजच्या कारखान्यात होता. मापायचं काम फुकटचं. विस्कॉन्सिनमधला आमचा हिवाळा लांबलचक असतो. नोव्हेंबरात मारलेल्या हरणाची शिंगं कवटीच्या तुकड्यासकट साठ दिवस घरात वाळू द्यायची, हा नियम. ओल्या शिंगाचं माप खोटं. वाळताना शिंग आक्रसतं, थोडंसंच, पण पुस्तकाला ते थोडंसंच महत्त्वाचं असतं. म्हणून जानेवारीत बर्फाने रस्ते पांढरे झाले, की लोक चादरीत गुंडाळलेली शिंगं घेऊन लायलच्या स्वयंपाकघरात यायला लागत. त्याची बायको आर्डिस कॉफी ओतायची, आणि लायल पाव इंच रुंदीची पोलादी टेप काढायचा.

मग त्याला काहीतरी व्हायचं. आर्डिस म्हणायची, "गेला बघा हा!" आणि तो खरंच गेलेला असायचा. शिंग बुडापासून वाढत वाढत टोकाकडे जातं. बूड म्हणजे मे महिना, मधला बाक म्हणजे जुलै, टोकं म्हणजे ऑगस्टअखेर. लायलची टेप बुडावरून वर सरकू लागली, की त्याला त्या हरणाचा उन्हाळा दिसायला लागायचा. ओढ्याकाठची कोवळी पालवी. दुपारच्या सावल्या. भुईमुगाच्या शेंगेएवढे मखमली कोंब, त्यांच्याभोवती माश्या. मक्याच्या रानात, पानांच्या सळसळीत, कान हलवत उभं असलेलं एक अंग. तो तिथे चालत असायचा, हरणाच्या मागे पाच पावलांवर, आणि ओठ मात्र आकडे पुटपुटत असायचे: "चार आणि सात अष्टमांश. लिही, आर्डिस." स्वप्नात चालतानाही तो अष्टमांश चुकत नसे. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

नियमांच्या बाबतीत मात्र तो जागा असायचा. फार जागा, असं काही जण दात ओठ खाऊन म्हणत. आमच्या क्लबच्या अर्जाला दोन पानं असतात. पहिल्यावर शिंगांची मापं आणि दुसऱ्यावर धनुष्याची चौकशी. ताण किती पौंडांचा, बाणाचं पातं किती रुंद, आणि सगळ्यात खाली तो प्रश्न: धनुष्याला किंवा बाणाला विजेवर चालणारं काही लावलं होतं का? काहीही. म्हणून प्रत्येकाने धनुष्यही बरोबर आणायचं आणि मापणाऱ्याने ते डोळ्यांखालून घालायचं.

एकोणीस वर्षांपूर्वी, जानेवारीतल्या एका दुपारी, नॉर्बर्ट क्रेमर शिंगं आणि धनुष्य घेऊन आला होता. नॉर्बर्ट म्हणजे लायलचा मित्र, आणि लायलला तसा एकच मित्र होता. पोरवयापासून दोघे एकाच ओकच्या दोन फांद्यांवर बसून थंडीने कुडकुडले होते. नॉर्बर्टच्या गोठ्यात चाळीस गायी, त्यामुळे त्याला शिकारीला वेळ मिळायचा तो सकाळ-संध्याकाळच्या धारांच्या मधला. त्या वेळात त्याने हे हरीण पाडलं होतं. लायलने चादर उलगडली आणि टेप काढण्याआधी तो दोनदा टेबलाभोवती फिरला.

दीड तास मोजणी चालली. शेवटी बेरीज झाली: एकशे एकाहत्तर आणि तीन अष्टमांश. खोऱ्यात आजवरचं सगळ्यात मोठं. नॉर्बर्टने लायलला उचललं, खरोखर जमिनीवरून उचललं, आणि आर्डिसने सॉसेजची बशी पुढे केली. हसत हसत लायलने दुसरं पान उलटलं, धनुष्य हातात घेतलं, आणि त्याचं हसू तिथेच थांबलं. नेम धरायच्या पिनेवर बोराएवढा दिवा होता. पहाटेच्या अंधुक उजेडात पीन दिसावी म्हणून.

"हे काय रे?" लायल म्हणाला.

"मार्सेलाने दिलाय. पन्नाशीची भेट, बायकोकडून. माझे डोळे गेलेत ना आता कामातून!" नॉर्बर्ट अजून हसत होता. "त्यातला सेल संपलाय कधीचा. लागतच नाही तो."

"पण लावलेला होता."

"अरे, सेल मेलेला आहे म्हणतोय ना मी!"

"नॉर्बर्ट, चालू की बंद असं अर्जात विचारलेलंच नाही. लावला होता का, एवढंच विचारलंय."

नॉर्बर्ट बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने चादर गोळा केली. "तू माझ्या लग्नात माझ्या शेजारी उभा होतास," एवढंच म्हणाला, आणि गेला. कॉफीचा कप भरलेलाच राहिला. लायलने अर्जावर 'अपात्र' लिहिलं, तारीख घातली आणि सही केली. आपण बरोबर होतो, हे त्याला तेव्हाही ठाऊक होतं आणि पुढेही रोज ठाऊक होतं. त्याने त्याला काडीचं सुख मिळालं नाही.

दोन वर्षांनी नॉर्बर्टची बायको मार्सेला वारली. लायल चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसला, अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात सगळ्यांबरोबर हॅमचं सँडविच खाल्लं आणि नॉर्बर्टसमोर न जाता घरी आला. ओकवर तर तो त्या जानेवारीपासूनच एकटा बसायचा. आणि हिवाळ्यात कुणाचीही शिंगं मापताना, उन्हाळ्यातल्या त्या रानात हरणामागे चालता चालता, त्याला कधी कधी पुढे दुसऱ्या माणसाची पाठ दिसायची. टोपी मागे सरकवलेली, चाल गोठ्यातल्या बुटांची. तो हाक मारायला जायचा आणि आर्डिस म्हणायची, "किती? किती लिहू?"

यंदाच्या मार्चमध्ये क्लबची सभा भरली आणि पिनेवरच्या दिव्याचा विषय पुन्हा निघाला. दर दोन-तीन वर्षांनी निघायचा आणि लायल उठून तो पाडायचा. या वेळी मात्र तो बसून राहिला, आणि हात वर करायची वेळ आली तेव्हा त्याने केला. अख्खी सभा वळून बघू लागली. एकेचाळीस विरुद्ध तेवीस. पीन उजळणाऱ्या छोट्या दिव्याला यापुढे हरकत नाही, आणि या कारणाने पूर्वी नाकारलेली शिंगं एक मेच्या आत नव्याने मापून आणल्यास पुस्तकात घेतली जातील.

गाडीत आर्डिस म्हणाली, "कुणासाठी केलंस ते कळलं हो मला."

"नियम जुना झाला होता," लायल म्हणाला.

"हो का? आणि तुझे हात थरथरतात म्हणून यंदा टेप परत देतोयस, ते?"

टेप क्लबला परत करायची होती हे खरंच. पण त्याआधी एकदाच, नॉर्बर्टचं हरीण. ते पुस्तकाच्या पहिल्या ओळीत जावं आणि त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरात आपलं नाव असावं. त्याने दुसरं काही मागितलं नव्हतं. आणि नॉर्बर्टने दार उघडलं नाही तर काय, हा विचार तो करत नव्हता.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, बर्फ वितळून ओढे फुगले असताना, तो क्रेमरच्या शेतावर गेला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. खोऱ्यावर पांढुरकं धुकं होतं, आणि त्यातून गोठ्याचं लाल लाकूड हळूहळू पुढे आलं. लायलला क्षणभर वाटलं, आपण अजून घरीच टेबलाशी बसलोय आणि कुणाचं तरी शिंग हातात आहे. नॉर्बर्ट दूधघराच्या दाराशी बादली धूत होता. केस पांढरे, खांदे उतरलेले. त्याने मान वर केली.

"कोण मेलं?" नॉर्बर्टने विचारलं.

"कुणी नाही अजून."

"मग काय विकतोयस?"

लायलने सांगितलं. सभा, मतं, एक मे, सगळं. बोलताना टोपी हातात फिरवत राहिला. नॉर्बर्टने बादली उपडी घातली, हात पुसले आणि म्हणाला, "तू हात वर केलास? तू?"

"केला."

"आर्डिसने ढोसलं असेल."

"मीच केला रे."

नॉर्बर्टने दूधघराच्या दाराकडे हनुवटी उडवली. "ती बघ मग. तिथेच आहेत."

दाराच्या डाव्या चौकटीवर एक शिंग स्क्रूने आवळलेलं, त्यावर रबरी हातमोजे वाळत होते. उजव्या चौकटीवर दुसरं, त्याला दोरीची गुंडाळी आणि एक मळकट टोपी. लायल जवळ गेला. प्रत्येक शिंगाखाली कवटीचा अर्धा अर्धा तुकडा होता. मधोमध, सरळ करवतीने कापलेला.

खोऱ्यात हे सगळ्यांना ठाऊक होतं. आमच्याकडे सगळ्यांना सगळं ठाऊक असतं, फक्त ज्याला ठाऊक असायला हवं त्याला कुणी सांगत नाही. लायल तिथल्याच पायरीवर बसला. कवटी चिरली की संपलं. दोन शिंगांच्या मधलं आतलं अंतर मापता येत नाही, आणि ते नसेल तर कुठलंच पुस्तक ती शिंगं घेत नाही. हा नियम कुठलीही सभा बदलणार नव्हती. लायलसुद्धा नाही.

"हे कुणी केलं?" त्याने विचारलं.

"मी. त्याच दिवशी, तुझ्याकडून आल्या आल्या."

"तुला माहीत होतं ना, कापली की..."

"तूच शिकवलेलंस. माहीत होतं म्हणूनच कापली." नॉर्बर्ट गोठ्याकडे बघत बोलत होता. "नाहीतर पुढच्या आठवड्यात आलो असतो रे मी तुझ्याकडे. पाया पडलो असतो. तू नाहीच म्हणाला असतास, आणि मग मला तुझं तोंडसुद्धा बघवलं नसतं. म्हटलं, मधला रस्ताच तोडून टाकावा."

लायलला रडू आलं. सत्तरीच्या माणसाला दूधघराच्या पायरीवर रडू यावं हे त्याला लाजिरवाणं वाटलं, पण ते थांबेना. मग नॉर्बर्टने खिशातून पेचकस काढून डावं शिंग सोडवायला घेतलं.

"काय करतोयस?"

"मापायला आलास ना? मग माप. एवढं पेट्रोल जाळलंस."

"पुस्तकात नाही जाणार, नॉर्बर्ट."

"गाढवा, मला कळत नाही होय?"

आत टेबलावर नॉर्बर्टने चीजचं ताट बाजूला सारलं आणि शिंगं ठेवली. लायलने अर्ज काढला, पेन्सिल काढली, टेप काढली. हात थरथरत होते, पण टेप शिंगाला लागली तसे ते स्थिरावले. बुडापाशी मे. ओढ्याकाठी पालवी. मग जून, जुलै, मक्याची सळसळ. हरीण पुढे चाललं होतं आणि या खेपेला लायलच्या शेजारी बुटांचा आवाज होता. तो आकडे बोलत गेला. "काय म्हणालास?" नॉर्बर्ट मधेच विचारायचा आणि लायल पुन्हा सांगायचा. सगळी मापं झाली. राहिलं एकच.

"धर," लायल म्हणाला. "होती तशी धर."

नॉर्बर्टने दोन्ही अर्धुकं दोन हातांत धरून टेबलावर उभी केली, मधे फट ठेवून. लायलने आतून टेप लावली. एकोणीस इंच आणि दोन अष्टमांश.

पेन्सिल कागदावर टेकली आणि थांबली. हा कागद कुणी बघणार नव्हतं. नॉर्बर्टच्या तोंडावर पोरासारखा आनंद होता. इतक्या वर्षांनी त्याने लायलला आत बोलावलेलं, समोर कॉफी ठेवलेली. लायलला लिहून टाकावंसं वाटलं, फार वाटलं. एक आकडा तर होता. मग त्याने पेन्सिल खाली ठेवली.

"जास्त धरलंयस," तो म्हणाला.

नॉर्बर्टचा चेहरा उतरला. "किती?"

"एक इंच आणि पाच अष्टमांश."

"तुला रे काय ठाऊक?"

"सतरा आणि पाच अष्टमांश होतं. मला पाठ आहे."

नॉर्बर्ट त्याच्याकडे बघत होता, तसाच, जसा तेव्हा चादर गोळा करण्याआधी बघत होता. लायलला वाटलं, गेलं, पुन्हा तेच झालं आपल्या हातून.

"एवढी वर्षं पाठ आहे?" नॉर्बर्टने विचारलं.

"रोज."

नॉर्बर्टने खाली बघितलं. मग त्याचे हात हळूहळू आत सरकू लागले. "एवढं?"

"अजून."

"आता?"

"जरासं आणखी. हां. थांब. एवढंच होतं."

लायलने टेप धरली. सतरा आणि पाच अष्टमांश. चष्म्यावर पाणी आलं होतं, त्यामुळे कागदावरची रेघ त्याला सापडेना. तो शर्टाच्या टोकाने काचा पुसू लागला. समोर नॉर्बर्ट दोन्ही हात ताठ करून, श्वास धरून, शिंगं सांभाळत बसला होता.

"सावकाश लिही," तो म्हणाला. "मी हलत नाही."