गढीवरची सुगरण

"भाकर थापायला कुणी नथ घालतं का गं?" झुंबरबाईनं परातीत पीठ आपटलं. "धगीनं नाक भाजंल!"

"पाव्हण्यांना फोटोत बरं दिसतं म्हणले मॅनेजर." धाकटी जाऊ उषा आरशासमोरून हललीसुद्धा नाही. "अन् अक्का, मला तर तुम्हीच धाडलं."

ते खरंच होतं. टेंभुर्णीतली देशमुखांची गढी विकली गेली, तिथं भारी हॉटेल झालं आणि पाहुण्यांसमोर चुलीवर भाकरी करणारी बाई शोधत मॅनेजर दारात आला. थोरल्या सुनेनं परक्या पुरुषासमोर यायचं नाही, ही घरची रीत. झुंबरबाईनं पदर पुढं ओढला आणि दाराआडूनच सांगितलं, "धाकटीला न्या." धाकटीला भाकर थापायला शिकवली होती ती तिनंच.

आता उषाची भाकर टम्म फुगली की गढीच्या चौकात मुंबईचे लोक टाळ्या वाजवत. काल तर पेपरात फोटो आला, खाली 'गढीवरची सुगरण'. झुंबरबाईच्या भाकरी हे घर वर्षानुवर्षं खात होतं. टाळी राहू द्या, बरी झाली असंही कुणी म्हटलं नव्हतं.

"जल्दी वाढ," ओसरीवरून तिचा नवरा कडूबा ओरडला. "अन् करपवू नको. उषाची कशी पापुद्र्याची असती!"

झुंबरबाईनं हात धुतले. पदर मागं सारून ती ओसरीवर आली, नवऱ्यासमोर अन् दिरासमोर उभी राहिली.

"उद्यापासून गढीवर मी जाणार. मॅनेजरशी मीच बोलते. घरच्या भाकरी उषा थापील."