खिडकीवरचा ठिपका

लोकांच्या छपरावर उन्हाची वीज करून देणाऱ्या माणसाला 'अंधार मिस्त्री' म्हणायचं, हा आचरटपणा त्याच्याच हाताखालच्या फिटर लोकांचा. पण नाव काही उगाच पडलेलं नाही. छपराला भोकं पाडून झाली की पॅनेल चढवण्याआधी हा गडी खाली उतरतो, भर दुपारी दारं-खिडक्या लावून घेतो, दिवे बंद करतो आणि मान वर करून अर्धा अर्धा तास फिरतो. पत्र्यात कुठं उजेडाचा ठिपका दिसला, तर तिथून पाणी येणार. घाईच्या मालकांना याचा वैताग येतो. येऊ दे. तीस वर्षांत आपल्या भोकातून थेंब गळला नाही, हे तो स्वतःच सांगत फिरतो, हा काय तो त्याचा एक दुर्गुण.

वह्यांच्या कारखान्याची मालकीण सोलरला तयारच होत नव्हती. वीज तिला हवी होती, छपराला भोकं नको होती. खाली कोऱ्या कागदाच्या छातीएवढ्या थप्प्या.

"मिस्त्री, आम्ही एकदा भोगलंय," ती म्हणाली. "मी शाळेत होते. हे पत्रे नवे घातले त्याच वर्षी, एका वादळी पावसात या खिडकीजवळच्या सगळ्या थप्प्या भिजून लगदा झाला. खिडकी लावायचं काम काकांचं. बाबा सगळ्या कामगारांसमोर त्यांना नको नको ते बोलले. काका म्हणत राहिले, मी लावली होती. कुणी ऐकलं नाही. त्या दिवसापासून त्यांनी कारखान्याचा उंबरा ओलांडलेला नाही. बाबा गेले तेव्हा घरी आले, इथं नाही."

"ताई, निर्धास्त राहा," मिस्त्री छाती पुढे काढून म्हणाला. "हे पत्रे घालायला मी होतो. खिडकीकडची ही अख्खी रांग माझ्या हातची. माझं पहिलं छप्पर."

त्या एका वाक्यावर तिनं होकार दिला.

चार दिवस काम चाललं. पत्र्यावरचं जुनं डांबर खरवडून काढलं, पॅनेलसाठी पट्ट्या बसवल्या. पाणी पत्र्याच्या खोलगट भागातून वाहतं, म्हणून स्क्रू नेहमी उंचवट्यावर मारायचा, हे मिस्त्री झोपेतही सांगेल. पाचव्या दिवशी दुपारी त्यानं यंत्रं थांबवायला लावली आणि दिवे मालवले. मालकीण दाराशी उभी राहिली.

नवी दीडशे भोकं काळीकुट्ट. मिस्त्री खुशीत पुढे सरकला. खिडकीपाशी आला आणि जागीच थांबला. वर तांदळाच्या दाण्याएवढा उजेड दिसत होता.

तो शिडीनं वर गेला. खोलगट भागात गंजून झिजलेला स्क्रू, शेजारी ड्रिल घसरल्याचा ओरखडा. असला गाढवपणा नवशिकाच करतो, आणि या रांगेत नवशिका एकच होता. छप्पर घातल्यावर पुढच्या वर्षी सगळीकडे डांबर फासलं, त्याखाली भोक इतकी वर्षं गप्प बसलं. पण डांबर पडण्याआधीच्या पावसात पाणी कुठून खाली गेलं असणार, हे आता त्याला कुणी सांगायला नको होतं.

खिशात भोक बुजवायच्या सीलंटची नळी होती. दाबायचाच अवकाश. वर पॅनेल बसलं की तिकडं कुणी ढुंकूनही बघणार नव्हतं. दारातून मालकिणीला काही दिसलं नव्हतं. आणि सांगितलं तर हातचं काम जाणार, तीस वर्षांचं नाव जाणार. मिस्त्री तापल्या पत्र्यावर बसून राहिला. खोटं कशाला सांगू, त्यानं नळीचं टोपण काढलंही होतं. मग परत लावलं. माझ्या मते त्यानं आयुष्यात केलेलं सगळ्यात मोठं काम हेच.

खाली येऊन तो म्हणाला, "ताई, तुमच्या काकांनी खिडकी लावली होती. पाणी माझ्या भोकातून आलं. काम काढून घ्यायचं तर घ्या, पण आधी त्यांना बोलवा. मी भोक अजून बुजवलेलं नाही."

तिला रागही आला होता आणि रडूही. मग तिनं फोन लावला.

काका तासाभरात आले. उंबऱ्याशी थबकले, तेव्हा पुतणीनं हात धरला. मिस्त्रीनं पुन्हा दिवे मालवले. म्हातारा खिडकीखाली उभा राहून वर बघत राहिला.

"चूक माझी होती, काका," मिस्त्री म्हणाला. "बोलणी तुम्ही खाल्लीत."

"तेव्हा वय काय तुझं?"

"एकोणीस."

काकांनी चाचपत खिडकीची कडी शोधली, काढली, परत लावली. "अशी लावली होती," ते पुतणीला म्हणाले. "दोनदा ओढून बघितली होती."

"हो काका," ती म्हणाली.

काकांनी डोळे पुसले आणि मिस्त्रीकडे वळले. "जा वर, बुजव ते. आणि मग पॅनेल तूच बसव. दिसतंय की नाही, ते मी खालून सांगतो."

मिस्त्री वर चढला. नळी टेकवली आणि दाबली. खालून, इतक्या वर्षांनी त्या कारखान्यात काकांचा आवाज येत होता. "अजून दिसतंय. अजून आहे थोडं. थांब. हां, गेलं."