गुलाबभाऊंच्या अंगातलं तांबं

गुलाबभाऊंच्या लेकीचा, सुनंदाचा फोन आला तेव्हा मी यवतमाळच्या घरी तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. "बाई, बाबा गेले," एवढंच ती म्हणाली. झोपेतच गेले. ऐंशी पार केली होती, दुखणं असं काही नव्हतं. मिळेल ती एसटी धरून मी दारव्ह्याला पोहोचले, तर स्टँडवरचा ऑटोवाला मला सांगू लागला, की गुलाबभाऊ मिस्त्रींनी प्राण सोडला त्याच क्षणी अख्ख्या गल्लीची लाईन गेली. मला हसू आलं आणि त्या हसण्यातच रडू फुटलं. आमच्याकडे कोणी न मरताही लाईन जाते, आठवड्यातून दोनदा जाते. पण माणूस जाऊन चार तास झाले नव्हते, आणि त्यांच्याबद्दलची आणखी एक दंतकथा गावात फिरू लागली होती... असल्या कथांशी ते उभा जन्म भांडले.

मी दारव्ह्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचे आणि शाळेसमोरच भाऊंचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. जळालेल्या मोटारींचा ढीग, वार्निशचा वास आणि मधोमध सागाच्या स्टुलावर बसलेले भाऊ, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. शिक्षण सातवी. पण डोकं असं, की मी बी.एस्सी. असून त्यांच्यापुढे गप्प बसायचे. शेतातली लाईन कधी येईल याचा तेव्हा काही नेम नसायचा. ती आली का हे बघायला विहिरीवर खेपा घालून माणसं थकून जायची. भाऊंनी त्यावर युक्ती काढली. शेतात लाईन आली की गावातल्या घरात घंटी वाजायची. भंगारातल्या रेडिओचे भाग, एक लाकडी डबी आणि काटेरी कुंपणातून ओढत आणलेली बारीक तार, बस. ती तार कोणाच्या नजरेस पडली नाही, म्हणून 'भाऊ तारेविना वीज पाठवतात' ही पहिली कथा निघाली. मग परदेशी कंपनीचा साहेब त्यांना न्यायला आला होता, अशी दुसरी. प्रत्यक्षात आला होता तो दिग्रसचा भंगारवाला. आणि भाऊ जिवंत तार हातात धरतात हे पाहिल्यावर सगळ्यांवर कडी करणारी तिसरी निघाली, की त्यांच्या अंगात रक्तासोबत तांबं वाहतं. भाऊ चिडायचे, ज्याला त्याला कुंपणापाशी नेऊन तार दाखवायचे. लोक मान डोलवायचे आणि परत येताना म्हणायचे, काय साधा माणूस आहे, स्वतःची विद्या लपवतो.

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाला मीच त्यांना आग्रहाने बोलावलं. आदल्या दिवशी दुकानात ते मला म्हणाले, बाई, मी कोरड्या लाकडावर उभा राहतो म्हणून करंट माझ्यातून जमिनीत जात नाही, हे पोरांना आधी सांगा. सकाळी मांडवात आल्यावर पुन्हा सांगितलं. मी हो म्हटलं. मग भाऊ स्टुलावर चढले, तार हातात धरली. मी खाली उभी राहून त्यांच्या कोपराला टेस्टर लावला, टेस्टरमधला इवलासा दिवा पेटला आणि अख्खी शाळा ओरडली. माइक माझ्या हातात होता. टाळ्यांची नशा वाईट. मी म्हणाले, "भाऊंच्या अंगात तांबं आहे म्हणतात, ते काही खोटं नाही हं." पुन्हा हशा, पुन्हा टाळ्या... आणि स्टुलाचं राहूनच गेलं. राहून गेलं, असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे ते मला आठवलं होतं. मजा जाईल म्हणून मी बोलले नाही.

चार दिवसांनी सातवीतल्या वैशालीने घरी ओल्या अंगणात उभं राहून उघडी तार धरली. तिच्या भावाने मेन स्विच पाडला म्हणून पोरगी वाचली, पण उजव्या हाताची दोन बोटं कायमची वाकडी झाली. दवाखान्यात तिच्या वडिलांनी भाऊंना नको नको ते सुनावलं. मी तिथेच भिंतीला टेकून उभी होते. भाऊ खाली मान घालून ऐकत राहिले, माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कदाचित मी बोलले असते, असं म्हणत तेही मी त्यांच्यावरच ढकलत आले.

त्यानंतर भाऊंनी तार हातात धरणं सोडलं. दर वर्षी शाळा उघडल्या की ते स्टूल खांद्यावर घेऊन तालुक्यातल्या शाळा हिंडायचे. माझ्याकडे पाहू नका, स्टुलाकडे पाहा, असं पोरांना बजावायचे. तरी कथा काही मेली नाही. एकदा मी दुकानात असताना एक बाई आजारी लेकराला घेऊन आली, भाऊंनी नुसता हात लावावा म्हणून. भाऊंनी तिला डॉक्टरकडे पाठवलं. ती गेल्यावर मला म्हणाले, "बाई, बौद्ध धम्म घेतला तवा माह्या बापानं घरातले देव नदीत सोडले, अन् हे लोक मलेच देव करून राह्यले. तुम्ही पेपरात लिहिता, तुमच्यावर लोकायचा भरोसा आहे. एकडाव लिहून टाका ना खरं काय ते."

लिहिते, असं मी म्हणाले. पण लिहायचं तर स्टुलाचं लिहावं लागणार, आणि स्टुलाचं लिहायचं तर माझंही लिहावं लागणार. म्हणून मी याच पुरवणीत सीताफळांवर लिहिलं, पळसावर लिहिलं, चुलीवरच्या रोडग्यांवरसुद्धा लिहिलं. भाऊंवर लिहिलं नाही. त्यांनी पुन्हा कधी विचारलंही नाही, भेटलो की आधी चहा सांगायचे.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी, भाऊंसाठीच्या बुद्धवंदनेला, घर माणसांनी भरलं होतं. फोटोपुढे मेणबत्त्या आणि शेजारी ते स्टूल. शेजारपाजारचं कोणीतरी त्याच्यावर हळदकुंकू वाहून, नारळ फोडून गेलं होतं. सुनंदा रागारागाने ओल्या फडक्याने ते पुसत होती. तेवढ्यात वैशाली आली. आता ती दोन लेकरांची आई आहे, गावातच शिवणकाम करते. काही न विचारता ती खाली बसली आणि त्या वाकड्या बोटांनी स्टुलाच्या सांध्यांत शिरलेलं कुंकू खरवडू लागली. मला राहवलं नाही. मी तिच्या शेजारी बसले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं, की भाऊंनी सांगितलं होतं आणि मीच गिळून टाकलं.

वैशालीचा हात थांबला. "पण बाई, भाऊ तर तवाच आमच्या घरी येऊन सांगून गेलते," ती म्हणाली. "म्हणे, बाईले स्टुलाचं सांगाचं मीच विसरलो, त्यायचा काही दोष नाही."

स्वतःबद्दलची एक खोटी गोष्ट ज्या माणसाने कधी खपवून घेतली नाही, त्याने सगळ्या आयुष्यात एकच रचली, आणि ती माझ्यासाठी. तेवढी मात्र ऐकणाऱ्यांनी खरी मानली.

भाऊ, तुम्ही विसरला नव्हता. तुम्ही दोनदा सांगितलं होतं, एकदा दुकानात आणि एकदा मांडवात... मी दोन्ही वेळा ऐकलं होतं.