धक्क्यावर बसून राहिलेली आक्का

आधीच सांगते, या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी चहा पिता पिता वाचते आणि बऱ्याचदा हसते. माझं सगळं आयुष्य पॅथॉलॉजी लॅबमध्ये गेलं. जे मशीनमध्ये दिसत नाही ते नसतं, असं मानणारी मी. त्यामुळे तुम्हाला हसायचं असेल तर खुशाल हसा. तुमच्या जागी मी पण हेच केलं असतं.

आम्ही मुलुंड ईस्टला, मिठागराच्या बाजूला राहतो. जुनी सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली आणि आम्हाला अकराव्या मजल्यावर टू बीएचके मिळाला. आम्ही म्हणजे मी आणि माझे बाबा. माझा घटस्फोट झालाय. भाऊ नितीन गोरेगावला असतो, रविवारी फळं घेऊन येतो आणि चप्पल नीट काढायच्या आत परत निघतो. बाबांना स्ट्रोक झाला त्यात उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. स्पीच थेरपिस्ट कित्येक महिने येत होती, पण 'आ' आणि 'ऊं' यापलीकडे काही नाही. शेवटी तीच म्हणाली, "ताई, आता होप्स ठेवू नका."

मे महिना संपत आला होता. दुपारची वेळ, बाहेर मरणाचं ऊन. बाबांना सांभाळणाऱ्या मावशी गावी गेल्या होत्या आणि ब्युरोवाले बदली बाई पाठवणार होते. बेल वाजली तेव्हा तीच असणार म्हणून मी सरळ दार उघडलं.

दारात वीस-बावीस वर्षांची मुलगी. हडकुळी. साधं सुती लुगडं, आणि ते गुडघ्यापर्यंत ओलं! हातात पत्र्याची ट्रंक. कपाळ मोकळं, हातात बांगडी नाही. अंगाला धुराचा वास, दगडी कोळशाचा असतो तसा.

"दामू हयसर रवता मां?" तिने मालवणीत विचारलं.

माझ्या बाबांचं नाव दामोदर. त्यांना दामूकाका म्हणणारे पुष्कळ, दामूशेट म्हणणारे पण आहेत. नुसतं 'दामू' म्हणणारं आता कोणी हयात नव्हतं. मला रागच आला.

"दामू काय गं? आजोबा म्हण. ब्युरोतून आलीस ना?"

तिला ते काही कळलं नसावं. ती आत आली, पॅसेजमध्ये ट्रंक ठेवली आणि तिच्यावरच बसली.

"बोट लागली तेवापासून बसलंय धक्क्यार," ती म्हणाली. "दामू येतलो म्हणान सांगलेला. कोण इलोच नाय माका न्हेवक."

आवाजात तक्रार नव्हती. थकवा होता. मला वाटलं, गावाकडची कोणी लांबची नातेवाईक असेल, उन्हाने चक्कर आली असेल... गावाहून आता कोण बोटीने येतं? पण आधी पाणी द्यावं म्हणून मी किचनमध्ये वळले.

तेवढ्यात बेडरूममधून आवाज आला. "कोण इला?"

बाबांचा आवाज. स्पष्ट! मी ग्लास तसाच टाकून धावले. बाबा डाव्या कोपरावर रेटून अर्धे उठले होते, नजर दाराकडे.

"बाबा! तुम्ही बोललात! अहो, तुम्ही बोललात..." मी रडायलाच लागले.

"दार लाव," ते म्हणाले.

"बाबा, कोणीतरी तुम्हाला शोधत आलंय—"

"माका ठावक आसा कोण ती. तिका घरात घेव नको. दार लाव."

तेव्हा मला त्या शब्दांचा अर्थ पोचलाच नाही. बाबा बोलले, यातच मी वेडी झाले होते. बाहेर येऊन बघते तर पॅसेज रिकामा. दार उघडं. ती नाही, ट्रंक नाही. ट्रंक ठेवली होती तिथे पाण्याचं थारोळं मात्र होतं. लिफ्टपाशी कोणी नव्हतं, जिन्यात कोणी नव्हतं. इंटरकॉमवर वॉचमन म्हणाला, "मॅडम, दोपहर से कोई आया ही नहीं." नंतर सेक्रेटरीकडे जाऊन मी लॉबीचं फुटेज पण पाहिलं. तिथेही कोणी नाही.

आता लॅबमधल्या माणसाची खोड बघा. मी ते पाणी सिरिंजने ओढून सॅम्पलच्या डबीत भरलं आणि दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये लावलं. सोडियम मशीनच्या रेंजच्या बाहेर. समुद्राचं पाणी असतं तसं खारट.

नितीनला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, मिठागराशेजारी राहतेस तू. खारटच येणार ना पाणी!"

"अकराव्या मजल्यावर? पॅसेजच्या मधोमध?"

"तू दमलीयस ताई. झोप जरा."

बाबा परत गप्प झाले होते. मग मी देवगडला काकांना फोन लावला. बाबांचे धाकटे भाऊ, तेवढेच उरलेत त्या पिढीतले. मी सगळं वर्णन केलं.

"आक्का," ते म्हणाले. "आमची थोरली भयण. शांतीआक्का."

मला आत्या होती हे मला त्या दिवशी कळलं. आमच्या घरात तिचा फोटो नाही, नाव नाही, काही नाही.

काकांनी सांगितलं ते असं. आक्का लहान वयात विधवा झाली, सासरच्यांनी माहेरी आणून सोडली. आजोबांनी ठरवलं, मुंबईत दामूकडे पाठवू, गिरणीत नाहीतर कुणाच्या घरी काम बघेल. येणाऱ्या-जाणाऱ्याकडून बाबांना निरोप गेला. तेव्हा कोकणातून यायचं म्हणजे आगबोटच. बोट लांब खोल पाण्यात उभी राहायची. किनाऱ्यावरून पडावात, म्हणजे लहान होडीत बसून तिच्यापर्यंत जायचं, चढता-उतरताना गुडघ्यापर्यंत भिजायचं. त्याच पडावात टपालाची पोती. आक्का निघाली ती पावसाळ्याआधीची शेवटची बोट होती. त्यानंतर चार महिने बोटी बंद, म्हणजे परत यायची सोयच नाही.

"आणि बाबा?"

"दादाचा लगीन ठरला होता. तुझ्या आवशीच्या माणसांनी सांगल्यानी, रांडाव भयण घरात ठेवशात तर मुलगी देवचंव नाय. दादा धक्क्यार गेलोच नाय. गावाक सांगल्यान, बोटीतसून ती उतराकच नाय. आमका वाटला, दर्यात उडी घातल्यान. आवस रडान रडान आंधळी झाली."

"मग तुम्हाला खरं कसं कळलं?"

"आमच्या वाडीतलो एक जण त्याच बोटीर होतो. खूप वर्सांनी बोललो. सांजेपर्यंत ट्रंकेर बसलेली बघलेल्यान त्याने. टपालाची पोती न्हेवक सुद्धा माणूस इलो गो... आक्काक कोण इलो नाय."

मी विचारलं, "काका, तुम्ही बाबांना कधी जाब विचारला नाहीत?"

"थोरलो भाव तो. काय इचारतलंय?"

फोन ठेवला आणि मी बाबांपाशी जाऊन बसले. "का नाही गेलात?" बाबांनी माझ्याकडे नीट बघितलं. नजर शुद्धीवर होती, शपथेवर सांगते. मग त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यांना बोलता येत नव्हतं की बोलायचं नव्हतं, हे मला कळलं नाही. नंतर ते एक शब्दही बोलले नाहीत. पावसाळा सुरू झाला आणि ते गेले. तोवर मी त्यांचं सगळं केलं. भरवलं, पुसलं, कूस बदलली. गप्पा मात्र मारल्या नाहीत.

तेराव्याला हॉलमध्ये गावची बरीच माणसं आली होती. एक म्हातारे गृहस्थ माईक घेऊन उभे राहिले. म्हणाले, "दामूशेट म्हणजे देवमाणूस. गावचं कुणीही मुंबईत येऊ दे, हा माणूस धक्क्यावर हजर. मी पोरसवदा होतो, बोटीतून उतरलो तर हे समोर उभे. माझी वळकटी स्वतः उचलली हो यांनी!" लोक डोळे पुसत होते. नितीन पण रडत होता. मी उठून बाहेर जाऊन उभी राहिले.

त्या दुपारी माझ्या दारात कोण आलं होतं, आमच्या नव्या टॉवरचा पत्ता तिला कुणी दिला, याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. ताण होता, भास झाला, म्हणा हवं तर. मग बाबांनी कुणाला ओळखलं? माझा भास त्यांना कसा काय ऐकू गेला?

पण खरं सांगू, आता मला तो प्रश्न छळत नाही. एक तरणी बाई, ओल्या लुगड्याने, जिला या शहरात कोणी ओळखत नाही, ती अंधार पडल्यावर त्या धक्क्यावरून कुठे गेली असेल? कुणाबरोबर? याला भूतखेत कशाला हवं? दुसऱ्यांना आणायला माझे बाबा पुढे किती वेळा त्याच धक्क्यावर गेले, तिथल्या हमालांशी, खलाशांशी बोलले असतील. एकदा तरी विचारायचं होतं, त्या दिवशी इथे एक मुलगी बसली होती, ती कुठे गेली.

काका म्हणतात, विचारलं असतं तर कुणाकडून तरी गावात कळलंच असतं. नाही विचारलं.